गाण्यावरची सही

हातातलं काम सोडू नका. तांदूळ निवडता निवडता, भाजी चिरता चिरता ऐकलंत तरी चालेल. आजची गोष्ट कामकरी माणसांचीच आहे.

गाणी म्हणणारे पुष्कळ असतात. गाणी रचणारेही असतात. पण गाणं आपणच रचायचं, आपणच त्याला चाल लावायची आणि मागे पेटी-ढोलकीची साथ घेऊन आपणच लोकांसमोर उभं राहून ते म्हणायचं, अशी तिन्ही कामं करणारी माणसं थोडी. अशा एका माणसाबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचं नाव लोककवी वामनदादा कर्डक. त्यांच्या गाण्याच्या निमित्ताने एक प्रश्नही आपल्याला विचारायचा आहे. गाणं कुणाचं? रचणाऱ्याचं, म्हणणाऱ्याचं, साथ करणाऱ्याचं, की ऐकून घरी नेणारीचं?

हा प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही. बचत गटात आल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही करायला शिकल्या. पासबुकावर आपलं नाव आपल्या हाताने लिहिताना काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाण्यावरही सही असते. ती कुणी केली, कुणाला करता आली नाही आणि कुणाची पुसली गेली, हा आजच्या भाषणाचा विषय.

तमाशातून जलसा

वामनदादांकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सावकार शेतकऱ्याला कसा नाडतो, धर्माच्या नावाखाली अडाणी माणसाला कसं लुबाडलं जातं, हे लोकांना सांगायचं होतं. पण सांगणार कसं? वाचता येणारी माणसं मूठभर. पुस्तक छापलं तरी ते उघडणार कोण?

तेव्हा या विचाराच्या मंडळींनी लोकांच्या ओळखीचीच वाट धरली. गावात तमाशा आला की सगळं गाव लोटायचं. तमाशाचा क्रम ठरलेला असे. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. सत्यशोधकांनी हाच साचा घेतला आणि आतला माल बदलला. शृंगाराच्या जागी शाळेची गोष्ट आली. राजाराणीच्या वगाच्या जागी सावकार आणि कुळाचा वग आला. याला जलसा म्हणू लागले. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, चालीही ओळखीच्या, पण घरी जाताना माणूस नवा विचार घेऊन जायचा.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने जलसा आपला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी माणुसकीचा हक्क बजावला. महाड आपल्याच जिल्ह्यात. त्या काळी जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. म्हणजे पनवेल आणि महाड तेव्हाही एकाच जिल्ह्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तेव्हा बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसावं, जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, मुलींना शाळेत का घालावं, हे त्यांनी बायकांना समोर बसवून सांगितलं.

महाडची बातमी गावोगावी पोचवायला वर्तमानपत्रं पुरणार नव्हती. ते काम जलशांनी केलं. १९३०च्या सुमारास नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसा उभा केला. गिरणीत, रेल्वेत, गोदीत दिवसभर राबणारी माणसं रात्री तालमी करायची आणि सुट्टीला गावोगाव कार्यक्रम करायची. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांचं आडनाव एक असलं तरी माणसं वेगळी, हे ध्यानात ठेवा. वामनदादा नंतरच्या पिढीतले.

पत्र वाचता आलं नाही म्हणून

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. वडिलांचं नाव तबाजी, आईचं नाव सईबाई. घरची गरिबी. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली. तिथे त्यांनी मिळेल ते काम केलं. गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत काम केलं, खडी फोडली, चिक्की विकली.

शिवडीला राहत असतानाची त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शेजारच्या एका माणसाने गावाकडून आलेलं पत्र त्यांच्यापुढे धरलं आणि वाचून दाखवा म्हणाला. अंगापिंडाने चांगला, बोलायला चुणचुणीत असा हा तरुण, याला वाचता येतच असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. पण वामनदादांना अक्षर येत नव्हतं. ती गोष्ट मनाला इतकी लागली की त्यांना रडू आलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. जोडाक्षरं ते रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचून शिकले.

मैत्रिणींनो, यात आपल्या ओळखीचं काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. एसटीची पाटी वाचायला, रेशन दुकानाचा फळा वाचायला आपल्यातल्या कितीजणी अशाच शिकल्या. वय वाढलं म्हणजे अक्षर येत नाही, असं कुणी म्हणालं तर तिला वामनदादांची ही गोष्ट सांगा.

१९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं. सिनेमातल्या एका हिंदी गाण्याच्या चालीवर बसवलेलं ते विडंबन होतं. लोक हसले, त्यांना आवडलं. त्याच साली मुंबईत नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. तिथून त्यांच्या गाण्याने वळण घेतलं. हसवणारं गाणं जागं करणारं झालं. पुढची साठ वर्षं, १५ मे २००४ रोजी देह ठेवेपर्यंत, हा माणूस गाणी रचत राहिला आणि महाराष्ट्रभर फिरून म्हणत राहिला. त्यांच्या गाण्यांची मोजदाद हजारांत करतात. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली आला, 'मोहळ' १९७६ साली आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ साली. आत्मकथनाचं नावही त्यांनी 'माझ्या जीवनाचं गाणं' असंच ठेवलं. १९९३ साली वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. ज्याला एके काळी पत्र वाचता येत नव्हतं, तो माणूस साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला.

मागे बसलेली माणसं

आता कार्यक्रम कसा चालतो ते पाहू. रेडिओवर किंवा मोबाइलवर गाणं ऐकताना आपल्याला एकच आवाज मोठा ऐकू येतो. पण समोर बसून ऐकलं की कळतं, गाणं एकट्याचं नसतं.

पुढे मुख्य गायक उभा किंवा बसलेला असतो. बाजूला पेटीवाला. तो गायकाला सूर धरून देतो आणि दोन कडव्यांमधली जागा भरतो. मग ढोलकीवाला किंवा ढोलकवाला. तो नुसता ठेका धरत नाही. कडवं संपत आलं की थापेने खूण करतो, मंडळी ध्रुपदावर या, अशी. शाहिरी असेल तर डफ आणि तुणतुणं असतं. टाळ किंवा झांज वाजवणारा असतो. आणि मागे असतात झीलकरी, म्हणजे ओळ उचलून धरणारे. आता त्यांना कोरस म्हणतात.

झीलकऱ्यांचं काम आपल्याला सोपं वाटतं. पण त्यांच्यावाचून असा कार्यक्रम उभा राहत नाही. गायकाने ओळ म्हटली की झीलकरी ती परत म्हणतात. तेवढ्या वेळात गायक दम घेतो, पुढची ओळ आठवतो, आणि जातिवंत कवी असेल तर समोरचे लोक बघून नवी ओळ जुळवतो. पुढे कष्टकरी बसलेत, बायका जास्त आहेत, गावात पाण्याचा तंटा चालू आहे, हे बघून कडवं बदलायला त्याला जो श्वासभर वेळ लागतो, तो झीलकरी मिळवून देतात. आणि दोनदा ऐकल्यामुळे ऐकणाऱ्यांनाही ओळ पाठ होते. तिसऱ्या खेपेला समोरची माणसंच म्हणू लागतात. ज्या काळात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्या काळात हीच आपली छपाई होती. एक म्हणणार, चार जण उचलणार, चारशे जण घरी नेणार.

म्हणून अशा गाण्यांची बांधणीही तशीच असते. ओळी आखूड, शब्द रोजच्या बोलण्यातले, यमक कानात बसणारं, चाल ओळखीची. त्यातले बाबासाहेबांचे विचार मात्र अवघड होते. सगळी माणसं सारखी, शिकल्यावाचून सुटका नाही, पोथीत लिहिलंय म्हणून अन्याय खरा ठरत नाही, हे सोप्या ओळीत बसवणं म्हणजे मोठं कसब. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. त्यानंतर जी पोकळी झाली, तीत लोकांना धरून ठेवण्याचं मोठं काम अशा गाण्यांनी केलं. १४ एप्रिलची जयंती असो की ६ डिसेंबर, वस्तीत रात्रभर पेटी-ढोलक वाजायची आणि सकाळी पोरांच्या तोंडी नवी गाणी असायची.

याच काळात शाहीर अण्णाभाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्या जाग्या केल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्यामागे संयुक्त महाराष्ट्राचा जो लढा होता, त्यात शाहिरांचे डफ मोठमोठ्या सभांतून वाजले. अमर शेख मूळचे बार्शीचे. त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला तो आईकडून, मुनेरबीकडून. एवढा मोठा आवाज घडला तो घरातल्या बाईच्या गाण्यावर.

शेवटच्या कडव्यातलं नाव

आता सहीकडे येऊ. वामनदादांची गाणी लक्ष देऊन ऐकलीत तर पुष्कळ गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. याला नाममुद्रा म्हणतात. ही रीत जुनी आहे. संतांच्या अभंगांत तुका म्हणे, एका जनार्दनी असं येतं, तीच ही रीत. लावणीकार आणि पोवाडे रचणारे शाहीरही शेवटी आपलं नाव घालत.

यात नुसती हौस नव्हती. गाणं तोंडातोंडी फिरायचं. पुस्तक नाही, तबकडी नाही, कागदावर काही नाही. मग हे गाणं कुणी रचलं ते ऐकणाऱ्याला कसं कळणार? म्हणून रचणारा आपलं नाव गाण्यातच विणून टाकायचा. तेही असं की यमक त्या नावाशी बांधलेलं. कुणी नाव गाळायला गेला तर ओळ लंगडते, ठेका चुकतो. ही सही पुसायला अवघड.

आपल्या बायकांनीही अशा सह्या केल्या आहेत. संत जनाबाईने केली, पण ती नामदेवांची दासी म्हणून. संत सोयराबाईने केली, पण चोखोबांची बायको म्हणून. अभंग तिचा, अनुभव तिचा, विचार तर इतका धीट की विटाळ म्हणता तो जन्मतः प्रत्येक देहाला चिकटलेला आहे, असं तिने थेट विचारलं. तरी सही करताना नवऱ्याचं नाव पुढे आलं. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईने मात्र बहिणी म्हणे असं आपल्याच नावाने लिहिलं. तीनशे वर्षांहून अधिक काळ ती सही टिकली आहे.

तमाशाचा इतिहास बघा. पठ्ठे बापूराव यांचं मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. १८६६ ते १९४५ हा त्यांचा काळ. त्यांच्या लावण्यांवर त्यांची सही आहे. पण त्या लावण्या लोकांच्या काळजात उतरवल्या त्या पवळाने, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावच्या पवळाने. शब्द बापूरावांचे, आवाज आणि अदा तिची. कागदावर शब्द उरले. तिचा आवाज कुणी ऐकून ठेवू शकलं नाही. बापूरावांबरोबर तिचं नाव घेतलं जातं, हे खरं. पण तिच्यासारख्या बाकीच्या कितीजणींची नावंही उरली नाहीत.

ऐकणाऱ्या बायका कुठे होत्या

जलसा बघायला बायका यायच्या. पण जलशाच्या फडावर त्या नव्हत्या. बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. याला कारण होतं. तमाशात नाचणाऱ्या बाईकडे समाज वाईट नजरेने बघायचा, आणि चळवळीला ती नजर आपल्या बायकांवर पडू द्यायची नव्हती. हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला की बायकांनी गाणं ऐकायचं, म्हणायचं ते घरी.

आणि घरी त्यांनी ते म्हटलंच. रात्री जलशात ऐकलेलं पहाटे जात्यावर आलं. शाळा न पाहिलेल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या मिळाल्या. त्यात भावाच्या आहेत, पावसाच्या आहेत, सासरच्या आहेत, आणि भीमरायाच्याही आहेत. पण ओवीची रीत अशी की म्हणणारी आपलं नाव क्वचितच घालते. भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, देवाचं येतं. तिचं स्वतःचं येत नाही. या कामात एक गोष्ट मोलाची झाली. ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं गेलं. तिने न केलेली सही दुसऱ्या बायांनी तिच्या वतीने जपली.

सभेत मात्र बायका मागे नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. या लढ्यातल्या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघरी जाऊन गोळा केल्या. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. नावातल्या त्या 'ही'त सगळं आलं.

पुढे बायका मंचावरही आल्या. १९७५ साली मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक या संघटनेच्या बायकांनी उभं केलं. त्यात साधी साडी नेसलेल्या बायका गोल करून उभ्या राहायच्या आणि गाण्यांतून मुलीच्या जन्मापासूनची गोष्ट सांगायच्या. त्यातली गाणी महिला मंडळांच्या मेळाव्यांत पोचली. आज आपण ८ मार्चला जी गाणी टाळ्यांवर म्हणतो, त्यांची मुळं अशा कलापथकांत आहेत. आणि छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांच्यासारखी बाई हातातल्या साध्या तंतुवाद्यावर भीमगीतं म्हणत आज घराघरात पोचली आहे.

समुद्रापलीकडचं एक बेट

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असं नाही. युरोप आणि आफ्रिका यांच्या मधल्या समुद्रात माल्टा नावाचा इवलासा देश आहे. त्यांची माल्टी भाषा बोलणारी माणसं आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही कमी. तिथे 'आना' नावाचं लोकगीत आहे. दोन गायक समोरासमोर उभे राहतात आणि मागे गिटार वाजवणारे बसतात. एकाने जागच्या जागी चार ओळी रचून टोमणा मारायचा, दुसऱ्याने तशाच चार ओळींत उत्तर द्यायचं. आपल्या कोकणातला शक्ती-तुऱ्याचा सामना आठवला ना? मधल्या वेळात गिटारवाले तारा छेडत राहतात, म्हणजे पुढच्या ओळी जुळवायला गायकाला उसंत मिळते. आपले झीलकरी करतात तेच.

तिथल्या बायकाही कपडे धुताना, गच्चीवर वाळत घालताना एकमेकींना गाण्यातून बोलायच्या. पण गाणं दारूच्या गुत्त्यांत गेलं आणि तिथे गाणाऱ्या बाईला नावं ठेवली जाऊ लागली. म्हणजे नजर तीच, समुद्र फक्त वेगळा. तरी त्या लोकांनी भाषा सोडली नाही. इंग्रजीचं राज्य दीडशे वर्षांहून जास्त होतं, तरी १९३४ साली माल्टी भाषेला सरकारी मान मिळाला. आज तिथले तरुण कवी-गायक वाद्यवृंद घेऊन आपल्या भाषेत नवी गाणी म्हणतात. २०२१ साली 'आना' हा जगाचा वारसा म्हणून युनेस्कोच्या यादीत आला. एवढीशी भाषा टिकली, त्यात घरात आणि अंगणात गाणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

आपल्या मांडवातलं गाणं

आता आपल्या पनवेलकडे वळू. इथल्या आगरी आणि कोळी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. घाणा भरण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं. ती धवला म्हणते, मागे बसलेली जोडीदारीण ओळ झेलते. ब्राह्मणाच्या मंत्राशिवाय लग्न लावणारी ही बाई. नवरा-नवरीची नावं, घराची माणसं, आलेले पाहुणे, सगळे ती त्या त्या वेळी गाण्यात गुंफते. म्हणजे ती नुसती गाणारी नाही. ती रचणारीही आहे. वामनदादा फडावर करायचे ते काम धवलारीण मांडवात करते. फरक एवढाच की तिच्या गाण्यात सगळ्यांची नावं येतात, तिचं येत नाही.

आज आपल्या भागात काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. १९७० साली सिडको आली, भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली, आता विमानतळ आला. हळदीला डीजे वाजतो. त्याला आमची ना नाही, पोरंपोरी नाचू देत. पण डीजेच्या आवाजात धवलारणीचा आवाज बुडतो, आणि तिच्याकडून शिकायला नवी मुलगी बसत नाही. तिच्याबरोबर तिची गाणी जातात. त्या गाण्यांत आपल्या बोलीतले शब्द आहेत. खाडीचे, भाताचे, माशांचे, नात्यांचे. ते शब्द दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडायचे नाहीत.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचायच्या. घरातल्या मुलांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. उतरवून घेणारं घरात कुणी नसतं, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती आणि शाळेच्या पुस्तकात आज आपल्या मुलांना ती भेटली नसती. बहिणाबाई एकच होत्या असं आम्हाला वाटत नाही. लिहून घेणारं माणूस भेटलेली बहिणाबाई एकच होती.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. गाणं म्हणणाऱ्या प्रत्येकाचं होतं, ते तसंच व्हावं. वामनदादांची गाणी हजारो कंठांनी म्हटली म्हणून ती जगली. पण रचणारीचं नाव गाण्याबरोबर चालत राहिलं पाहिजे. सासरच्या सात-बारावर नाव लावण्यासाठी आपण भांडतो, घराच्या पाटीवर नवऱ्याबरोबर नाव लावतो. गाण्याच्या सात-बाऱ्यावर आपलं नाव लावायला कुठल्या तलाठ्याकडे जावं लागत नाही. एक वही आणि एक पेन पुरे.

गटात करून पाहा

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की अर्धा तास काढा. गावातली सगळ्यात जुनी गाणारी कोण, ते ठरवा. धवलारीण असेल, जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल, भीमगीतं पाठ असलेली मावशी असेल. तिला मानाने बोलवा, चहा द्या, आणि गाऊ द्या. गाताना मध्ये थांबवू नका. गटातल्या शिकलेल्या मुलीने मोबाइलवर आवाज घ्यावा आणि नंतर वहीत शब्द उतरवावेत. शब्द आहे तसाच लिहा. शाळेच्या मराठीत बदलू नका. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख लिहा. गाणं कुणाकडून शिकली तेही विचारा. आईकडून, सासूकडून, कुणाही शेजारणीकडून, तिचं नाव लिहा. मागे ओळ झेलणारीचंही नाव लिहा, कारण तिच्यावाचून गाणं उभं राहिलं नसतं.

आणि तुमच्यातल्या कुणी स्वतः गाणं रचत असेल, तर एवढं करा. बचत गटावर असो, पाण्यावर असो, लेकीच्या शिक्षणावर असो, शेवटच्या कडव्यात तुमचं नाव घाला. लाजू नका. यमक जुळत नसेल तर चार जणी मिळून जुळवा, ढोलकीवाली सापडत नसेल तर ताटलीवर ठेका धरा. कुणी म्हणालं, एवढं स्वतःचं नाव काय मिरवायचं, तर सांगा की आम्ही सही करायला शिकलो आहोत.

ती वही भरली की आम्हाला कळवा. तुमच्या गावची गाणी, नावानिशी, या रेडिओवरून ऐकवायला आम्हाला आनंद होईल.